धाकट्याला पोहायला कुठे घालावे?

मे महिन्याची सुट्टी लागली, की अनेक घरांत एक प्रश्न हटकून निघतो. धाकट्या भावाला किंवा बहिणीला यंदा पोहायला घालायचे का? आजोबा म्हणतात, "आम्हाला कुणी वर्ग लावले होते? पाठीला डबा बांधला आणि दिले विहिरीत ढकलून!" आईला सर्दीची आणि कानदुखीची काळजी वाटते. शेजारच्या काकू सांगतात, की त्यांचा नातू तीन वर्षांचा असल्यापासून पोहतो. वडील फी विचारून येतात. आणि शेवटी धाकट्याला रोज सोबत घेऊन जाण्याचे काम येते आठवी-नववीत शिकणाऱ्या थोरल्या भावंडाकडे, म्हणजे तुमच्याकडेच!

तेव्हा या निर्णयात तुमचाही वाटा असायला हवा. त्यासाठी लागणारे बरेचसे विज्ञान तुम्ही शाळेत शिकलेलेच आहात. आर्किमिडीजचे तत्त्व, उष्णतेचे वहन, श्वसन आणि थोडेसे रसायनशास्त्र एवढ्या शिदोरीवर चांगला वर्ग कोणता आणि वाईट कोणता हे ओळखता येते. हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे पाण्यात बुडून मरण पावली आणि त्यांतली जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले होती.

शरीर तरंगते की बुडते?

माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या घनतेच्या अगदी जवळपास असते. चरबी पाण्याहून हलकी, स्नायू किंचित जड आणि हाडे बरीच जड. या साऱ्यांची गोळाबेरीज जवळजवळ पाण्याइतकीच होते आणि पारडे कुठे झुकायचे ते ठरवते फुप्फुसांतील हवा. छातीत हवा पुरती भरलेली असताना शरीराची घनता पाण्याच्या सुमारे ०.९८ पट असते. हवा सोडली की ती १ च्या वर जाते.

आता २० किलोग्रॅम वजनाच्या मुलाचे उदाहरण घेऊ. घनता ०.९८ धरली, तर त्याचे घनफळ सुमारे २०.४ लिटर होईल. तरंगण्यासाठी त्याने स्वतःच्या वजनाइतके, म्हणजे २० लिटर पाणी बाजूला सारले पाहिजे. उरले ०.४ लिटर. शरीराचा तेवढाच भाग पाण्यावर राहणार. दोन पेले पाणी मावेल, एवढीच ही जागा! मुलाचे एकटे डोकेसुद्धा यापेक्षा कितीतरी मोठे असते. म्हणून काही हालचाल न करता सबंध डोके पाण्यावर ठेवणे शक्यच नसते. मात्र मान मागे टाकून उताणे पडले, तर या दोन पेल्यांच्या जागेत नाक आणि तोंड आरामात बसतात. उताणे तरंगणे हा पोहण्याच्या शिक्षणाचा पाया आहे तो यामुळेच.

याच मुलाने घाबरून किंकाळी फोडली असे समजा. किंकाळीबरोबर पाऊण लिटर हवा बाहेर गेली. आता घनफळ राहिले १९.६५ लिटर. त्याने पूर्ण बुडून सारलेले पाणीही २० लिटर भरत नाही. ते खाली जाऊ लागते. त्यामुळे मुलाने पाण्यात पहिली गोष्ट शिकायची ती हात मारणे नव्हे, तर श्वास सांभाळणे.

एक सोपा प्रयोग

औषधाची रिकामी, बुचाची छोटी बाटली घ्या. तिच्यात थोडी थोडी वाळू घालून बूच लावा आणि बादलीत सोडून पाहा. फक्त बूच पाण्यावर राहील आणि बाटली उभी तरंगेल इतकीच वाळू ठेवा. आता बटाट्याचा सुपारीपेक्षा थोडा मोठा तुकडा कापून तो दोऱ्याने बाटलीच्या बुडाखाली टांगा. बटाटा पाण्याहून किंचितच जड असल्यामुळे बूच जेमतेम थोडेसे खाली जाईल. नंतर तोच तुकडा रबरी कडीने बुचावर पक्का बांधा. आता बूच पाण्याखाली जाईल आणि बटाट्याचा काही भाग तेवढा वर दिसेल.

बाटली आणि बटाटा यांचे वजन बदललेले नाही. पाण्यावर राहणारे एकूण घनफळही बदललेले नाही. फक्त ती जागा बुचाऐवजी बटाट्याने घेतली. बुडणारा माणूस मदतीसाठी हात वर करतो, तेव्हा नेमके हेच घडते. हात वर आले, की तेवढी जागा हात घेतात आणि नाक-तोंड पाण्याखाली जाते. हात पाण्यातच ठेवावेत हा नियम मुलाला पाठ करून घेण्यापेक्षा हा प्रयोग दाखवावा.

बुडणे मुकाट्याने होते

चित्रपटात बुडणारा माणूस "वाचवा, वाचवा" असे ओरडतो, हात हलवतो. प्रत्यक्षात असे क्वचितच घडते. फ्रँक पिया या अमेरिकन जीवरक्षकाने १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमधील ऑर्चर्ड बीच या किनाऱ्यावर बुडणाऱ्या माणसांच्या चित्रफितींचा अभ्यास केला. त्याला आढळले, की खरोखर बुडणारी व्यक्ती ओरडू शकत नाही. तोंड क्षणभर पाण्यावर येते तेव्हा श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, मग शब्द कुठून निघणार? हात आपोआप दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबू पाहतात. त्यामुळे हात हलवून खूण करणेही जमत नाही. शरीर उभे राहते, पाय फारसे हलत नाहीत. अशी धडपड साधारण २० ते ६० सेकंद चालते. लहान मुलांच्या बाबतीत हा वेळ आणखी कमी असतो.

यावरून वर्ग निवडण्याची पहिली कसोटी मिळते. मुलांवर लक्ष ठेवणारा माणूस एका मिनिटाचीही डुलकी घेऊ शकत नाही. एक शिक्षक वीस-पंचवीस चिमुकल्यांना काठावरून शिट्टी वाजवून शिकवत असेल, तर तलाव कितीही देखणा असो, तिथून परत फिरावे. शिक्षक पाण्यात असावा आणि नवशिके मूल त्याच्या हाताच्या अंतरावर असावे. याशिवाय काठावर एक जीवरक्षक असा हवा, की ज्याला शिकवण्याचे दुसरे काम नाही. मोबाइलवर बोलणारा किंवा पावत्या फाडणारा माणूस जीवरक्षक म्हणून मोजू नये.

वय किती असावे?

तान्ह्या बाळाच्या चेहऱ्याला पाणी लागले, की ते आपोआप श्वास रोखते आणि त्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. यामुळे बाळ जन्मतःच पोहते असा समज पसरला आहे. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, पोहणे नव्हे. पहिल्या काही महिन्यांनंतर ती ओसरू लागते. शिवाय बाळ पाणी गिळते आणि जास्त पाणी पोटात गेले तर रक्तातील सोडियमचे प्रमाण धोकादायक रीतीने घटू शकते.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००० साली असे मत दिले होते, की चार वर्षे पूर्ण होईपर्यंत बहुतेक मुलांची शारीरिक तयारी पोहणे शिकण्याइतकी झालेली नसते. पुढे २००९ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बुडून मरण पावलेली मुले आणि त्याच वयाची इतर मुले यांची तुलना केली होती. १ ते ४ वर्षे वयोगटात, पोहण्याचे शिक्षण घेतलेल्या मुलांना बुडण्याचा धोका ८८ टक्क्यांनी कमी असल्याचे दिसले. संस्थेने २०१० मध्ये आपले मत सौम्य केले आणि २०१९ मध्ये सांगितले, की वर्षाच्या पुढच्या अनेक मुलांना शिक्षणाचा लाभ होऊ शकतो. वर्षाखालील मुलांना मात्र असा लाभ होतो याला पुरावा नाही.

परंतु ८८ टक्के हा आकडा जपून वाचावा. तो अभ्यास लहान होता, त्यामुळे खरा आकडा याहून बराच वेगळा असू शकतो. शिवाय जे आईवडील मुलाला वर्गात घालतात, ते कदाचित एरवीही त्याच्यावर अधिक लक्ष ठेवत असतील. मग फायदा वर्गाचा की लक्ष ठेवण्याचा? दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरतेच असे नाही.

गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांचा अनुभव पाहून जागतिक आरोग्य संघटना असे सुचवते, की शाळेत जाऊ न लागलेल्या मुलांसाठी पाण्यापासून दूर, देखरेखीखालची जागा आणि विहिरी-तळ्यांना कठडे या गोष्टी आधी हव्यात. सहा वर्षांवरील मुलांना पोहणे, पाण्याजवळची दक्षता आणि सुरक्षित रीतीने दुसऱ्याला वाचवणे शिकवावे. बांगलादेशात खेडोपाडी घराशेजारीच तळी आहेत. तिथे लहानग्यांसाठी पाळणाघरे काढण्यात आली आणि मोठ्या मुलांना गावच्या तळ्यात बांबूचा मांडव बांधून, गावातल्याच प्रशिक्षित तरुणांकडून पोहणे शिकवले गेले. त्याने बुडण्याचे प्रमाण घटले. चांगल्या शिक्षणासाठी चकचकीत तलाव लागतोच असे नाही, हे यावरून दिसते.

आपल्या धाकट्याचे वय तीन-चार असेल तर पाण्याची ओळख, खेळ आणि उताणे तरंगणे एवढ्यावर समाधान मानावे. सहा-सातव्या वर्षी तो नीट शिकू शकतो. आणि कोणत्याही वयात "आता याला पोहता येते" असे समजून पाठ फिरवू नये.

पाणी किती गार?

पाणी हवेपेक्षा वीस पटींहून अधिक चांगले उष्णतावाहक आहे. तेवढ्याच घनफळाची हवा आणि पाणी एक अंशाने तापवायचे तर पाण्याला सुमारे ३५०० पट उष्णता लागते. म्हणून २६ अंश सेल्सिअसची हवा सुखद वाटते, पण २६ अंशांचे पाणी गार लागते.

लहान मुलाला हा गारवा अधिक का बाधतो? १० सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर आणि घनफळ १००० घन सेंटिमीटर असते. बाजू दुप्पट केली तर पृष्ठफळ चौपट होते, घनफळ मात्र आठपट. म्हणजे लहान वस्तूला तिच्या आकाराच्या मानाने पृष्ठभाग जास्त असतो आणि उष्णता पृष्ठभागातूनच जाते. ७० किलोग्रॅमच्या माणसाला दर किलोग्रॅममागे सुमारे २६० चौरस सेंटिमीटर त्वचा असते, तर २० किलोग्रॅमच्या मुलाला सुमारे ४००. त्यामुळे शिक्षकाला गारवा जाणवण्याआधीच मूल कुडकुडू लागते. ओठ निळसर दिसले, दात वाजू लागले, की त्याला तत्काळ बाहेर काढून पुसावे. कुडकुडणारे मूल काहीच शिकत नाही.

शर्यतींच्या तलावांचे पाणी २५ ते २८ अंशांच्या दरम्यान ठेवतात. चिमुकल्यांना ३० अंश किंवा थोडे अधिक तापमान मानवते. आपल्याकडे तापवलेले तलाव थोडे आहेत. पण वेळ निवडणे आपल्या हाती असते. पहाटेच्या तुकडीऐवजी थोडी उशिराची तुकडी घ्यावी आणि पहिले काही दिवस अर्धा तास पुरे समजावा.

आईच्या काळजीचेही उत्तर इथेच देऊ. सर्दी विषाणूंमुळे होते, गार पाण्यामुळे नव्हे. कानात पाणी साचून राहिले तर बाहेरच्या नलिकेला संसर्ग होऊ शकतो. म्हणून पोहून झाल्यावर डोके दोन्ही बाजूंना कलते करून पाणी निथळू द्यावे. कानात काडी किंवा पिन घालू नये.

वास म्हणजे स्वच्छता नव्हे

तलावापाशी गेल्यावर नाकात झिणझिण्या आणणारा वास आला, की "भरपूर औषध टाकले आहे, पाणी स्वच्छ आहे" असे लोक म्हणतात. खरी गोष्ट उलट असण्याचा संभव जास्त. पाण्यात क्लोरिन मिसळला, की हायपोक्लोरस आम्ल तयार होते आणि ते जंतूंना मारते. परंतु पोहणाऱ्यांचा घाम आणि लघवी यांतील नायट्रोजनयुक्त पदार्थांशी संयोग होऊन त्याची क्लोरामाइने बनतात. तो झोंबणारा वास आणि डोळ्यांची आग यांचे मुख्य कारण हीच संयुगे. तेव्हा तीव्र वास म्हणजे पाण्यात घाण जास्त आणि कामाला येणारा क्लोरिन कमी, असे समजावे.

पाण्याचा सामूही महत्त्वाचा. तो ७.५ असताना मोकळ्या क्लोरिनपैकी जवळजवळ निम्मा भाग हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो. सामू ८.५ झाला तर जेमतेम दहावा हिस्सा उरतो. म्हणून सामू ७.२ ते ७.८ या मर्यादेत ठेवतात. चांगल्या तलावावर सामू आणि क्लोरिन रोज मोजून फळ्यावर लिहिलेले असते. लिहिलेले नसेल तर विचारावे. विचारणे हा उद्धटपणा नव्हे.

क्लोरिन सर्व जंतूंना सारख्याच वेगाने मारत नाही. लिटरला १ मिलिग्रॅम मोकळा क्लोरिन असताना अतिसार घडवणारे काही जिवाणू एका मिनिटात मरतात. जिआर्डियाला सुमारे ४५ मिनिटे लागतात. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी तर आठवड्याहून अधिक काळ टिकू शकतो. म्हणून जुलाब होत असलेल्या मुलाला तलावावर मुळीच नेऊ नये आणि पाण्यात उतरण्यापूर्वी सर्वांनी साबण लावून अंघोळ करावी.

एक चाचणी मात्र कोणत्याही उपकरणाशिवाय करता येते. सर्वांत खोल जागी तळ स्पष्ट दिसतो का? तळ दिसत नसेल तर बुडालेले मूलही दिसणार नाही.

डबा, भोपळा आणि हवेच्या पिशव्या

आपल्याकडे पोहणे शिकताना सुका भोपळा, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा किंवा रिकामा डबा पाठीला बांधण्याची जुनी रीत आहे. तत्त्व सरळ आहे. वजन फारसे न वाढवता घनफळ वाढवले, की प्लावक बल वाढते. दोन लिटरचा रिकामा डबा पूर्ण बुडाला, तर सुमारे दोन किलोग्रॅम वजनाचा भार उचलतो. वर पाहिलेल्या दोन पेल्यांच्या मानाने ही केवढी मोठी मदत! शिवाय पाठीवरच्या डब्यामुळे मूल पालथे, आडवे राहते आणि पोहण्यासाठी हीच स्थिती लागते.

दंडात घालावयाच्या फुगवलेल्या पिशव्यांचे तसे नाही. त्या खांदे वर धरतात, पाय खाली लोंबतात आणि मुलाला पाण्यात उभे राहण्याची सवय लागते. बुडताना शरीर ज्या स्थितीत असते, तीच ही सवय! शिवाय पिशवी फुटते, डबा गळतो, गाठ सुटते. म्हणून कोणतेही साधन हे शिकण्याच्या मधल्या काळापुरते असते, रक्षणासाठी नसते. चांगला शिक्षक रोज काही वेळ साधन काढून, स्वतःच्या हातांवर मुलाला तरंगायला लावतो.

आणि आजोबांचे ढकलून देणे? काही जण तसे शिकले हे खरे. पण जे शिकले त्यांच्याच गोष्टी आपल्या कानावर येतात. घाबरलेले मूल श्वास रोखू शकत नाही, दचकून पाणी ओढते आणि पुढे कित्येक वर्षे पाण्याचे नाव काढत नाही. आजोबांच्या पद्धतीतला डबा ठेवावा, ढकलणे सोडावे.

वर्गात काय शिकवतात?

अनेक ठिकाणी पहिल्या दिवसापासून हातपाय मारण्याच्या शैलीवर भर असतो. पण जीव वाचवणारा क्रम निराळा आहे. तोंड पाण्यात घालून बुडबुडे सोडणे, उताणे तरंगणे, पालथे असताना उताणे वळणे, पाण्यात पडल्यावर फिरून काठाकडे येणे आणि शिडीशिवाय काठ चढणे या गोष्टी आधी याव्यात. शैली नंतर शिकता येते.

नेदरलँड्स हा कालव्यांचा देश. तिथे मुलांच्या पहिल्याच परीक्षेत कपडे आणि बूट घालून पोहावे लागते, कारण कालव्यात पडणारे मूल पोहण्याचा पोशाख घालून पडत नाही. ऑस्ट्रेलियात प्राथमिक शाळा संपेपर्यंत मुलाला सलग ५० मीटर पोहता यावे आणि २ मिनिटे तरंगता यावे असे उद्दिष्ट ठेवले आहे. आपल्या वर्गातल्या शिक्षकांना विचारून पाहा : "महिन्याअखेर माझा भाऊ काठावरून पाण्यात पडला तर काय करू शकेल?" या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर देणारा शिक्षक पदकांची यादी सांगणाऱ्या शिक्षकापेक्षा बरा.

नाव घालण्यापूर्वी अर्धा तास

पैसे भरण्यापूर्वी एक दिवस वही घेऊन तलावाच्या काठी अर्धा तास बसा आणि एवढे पाहा :

१. एका शिक्षकामागे किती मुले आहेत? शिक्षक पाण्यात आहे का?
२. निव्वळ लक्ष ठेवणारा जीवरक्षक आहे का? त्याच्याजवळ दोर, लांब काठी व तरंगते कडे आहे का?
३. खोली किती ते ठळक लिहिले आहे का? उथळ आणि खोल भागांमध्ये दोर आहे का?
४. तळ दिसतो का? क्लोरिन आणि सामू यांची नोंद आहे का?
५. तळाच्या निचऱ्याच्या तोंडावर पक्की जाळी आहे का?
६. रडणाऱ्या मुलाशी शिक्षक कसा वागतो?
७. अर्ध्या तासात प्रत्येक मूल प्रत्यक्ष किती मिनिटे शिकते आणि किती मिनिटे काठ धरून वाट पाहते?

सातव्या प्रश्नाचे उत्तर घड्याळ लावूनच काढा. एकच मूल निवडून त्याची मिनिटे मोजली, की फी महाग की स्वस्त हेही कळेल.

पोहता आल्यानंतर

तलावात पोहता येणे आणि विहिरीत, नदीत, कालव्यात पोहता येणे यांत अंतर आहे. कालव्याचे पाणी वाहते असते. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्याचा उतार इतका निसरडा असतो, की चांगल्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. अशा तळ्यात गाठी मारलेला दोर कायमचा सोडून ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

तुमच्या वयाच्या मुलांना आणखी एक सांगायला हवे. बुडी किती वेळ मारता येते याची पैज लावताना काही जण आधी जोरजोराने श्वास घेतात. श्वास घेण्याची ऊर्मी मुख्यतः रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे होते. जोरजोराने श्वास घेतल्याने तो वायू कमी होतो, ऑक्सिजनचा साठा मात्र फारसा वाढत नाही. परिणामी ऊर्मी होण्याआधीच ऑक्सिजन संपतो आणि पोहणारा पाण्याखालीच बेशुद्ध होतो. ही पैज कधीही लावू नये.

कोणी बुडत असेल तर उडी टाकू नका. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्यालाच मिठी मारतो आणि एकाच्या जागी दोघे जातात. ओरडून मोठ्या माणसांना बोलवा आणि काठावर आडवे पडून काठी, दोर, साडी, रिकामा बंद डबा यांपैकी जे हाताशी असेल ते त्याच्याकडे टाका. बाहेर काढलेल्या माणसाचा श्वास थांबला असेल, तर त्याला उलटे टांगण्यात किंवा पोट दाबण्यात वेळ घालवू नये. ऑक्सिजन मिळाला नाही तर चार-सहा मिनिटांतच मेंदूला कायमची इजा होऊ लागते. म्हणून तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे ताबडतोब सुरू झाले पाहिजे. हे प्रथमोपचार प्रत्यक्ष करूनच शिकता येतात. शाळेत त्यांचे प्रात्यक्षिक ठेवावे अशी शिक्षकांना विनंती करा.

शिक्षकांना आणखी एक उपक्रम करून घेता येईल. शाळेभोवतीच्या दोन किलोमीटरांतील विहिरी, तळी, कालवे आणि खाणींचे खड्डे यांचा नकाशा मुलांकडून काढून घ्यावा. कुठे कठडा आहे, कुठे पायऱ्या आहेत, कुठे दोर लटकतो याच्या खुणा त्यावर कराव्यात. जिथे एकही खूण नसेल, ती जागा ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला कळवावी. धाकटा पोहायला शिकेल तोवर त्याला पाण्यापासून जपणारा हा नकाशाच असेल.